पहिलवानाचं माप

सोमवार

लेक आज पहिलवानाला माझ्याकडे सोडून गेली. पहिलवान हा तिचा कुत्रा. नाव ऐकून वाटावं, वाघाशी दोन हात करणारा गडी असेल. प्रत्यक्षात कपाटाचं दार जोरात लागलं तरी हा माझ्या दोन पायांच्या मधे येऊन उभा राहतो. रंग तांबूस, एक कान उभा, दुसरा दुमडून पडलेला, जणू शिवताना तिथली शिवण राहून गेली. पण गुणी किती! हूं नाही की चूं नाही. इतका न कुरकुरणारा कुत्रा मी पाहिला नाही.

लेक इस्पितळात नर्स आहे. सणाच्या सुट्ट्या जगाला, तिला उलट दुप्पट काम. भाजलेली, पडलेली, कानठळ्या बसलेली सगळी माणसं त्याच दिवसांत येतात. गेल्या वर्षी मोठ्या आतषबाजीच्या संध्याकाळी तिच्या घरी पाहुणे आले, कुणीतरी दार उघडं टाकलं आणि पहिला बार फुटताच पहिलवान जो सुटला तो कितीतरी दिवसांनी रेल्वेच्या रुळांपलीकडे सापडला. पंजा फाटलेला, अंगाचा सापळा झालेला. लेक तेव्हा जशी रडली तशी तिची आई गेली तेव्हाही रडली नव्हती.

आज जाताना म्हणाली, "बाबा, यंदाही तो असाच सैरभैर झाला ना, तर मी त्याला दिरांच्या शेतावर ठेवणार. कायमचा. तिथे फटाके नसतात. मला ते दुसऱ्यांदा झेपायचं नाही."

"शेतावर? ह्याला? अगं, तिथल्या कोंबड्या ह्याला हुसकून लावतील."

ती हसली, पण डोळे हसले नाहीत. "मग तुम्ही दाखवा ना सांभाळून."

"दाखवतो."

"आणि ते यंत्र लावता ना?"

"लावतो की. अधूनमधून."

वाढदिवसाला तिनं आणलेलं ते कानातलं यंत्र बटणांच्या डब्यात सुखरूप आहे. मला त्याची गरज नाही. हल्ली माणसंच तोंडातल्या तोंडात बोलतात, त्याला मी काय करणार? टीव्हीवरचे बातम्या देणारे तर पुटपुटतातच, पण समोरच्या कंडक्टरबाई, ज्यांनी हयातभर बसमध्ये उभं राहून तिकिटं फाडली आणि ज्यांच्या एका हाकेनं ड्रायव्हर गाडी थांबवायचा, त्यांचाही आवाज अलीकडे पार बसलाय. वय कुणाला चुकलंय.

पहिलवान आत्ता पायाशी पडून माझ्याकडे बघतोय. शेतावर? मी जिवंत असताना?

मंगळवार

सुचलं! पहाटे अंथरुणातच सुचलं. मी आयुष्यभर पडदे शिवले. घरांचे, शाळांचे, नाट्यगृहांचे. लोक मला मास्तर म्हणतात ते शिंपी म्हणून, पण अनोळखी माणसाला वाटतं हे शाळामास्तर असणार, आणि मी कधी त्याचा गैरसमज दूर करत नाही. शाळेतल्या सगळ्या कविता मला अजून पाठ आहेत, तेव्हा मान अगदीच फुकटचा नाही.

तर सुचलं ते असं. माळ्यावर ट्रंकेत नाट्यगृहाचा दर्शनी पडदा आहे. गडद लाल मखमल. मी शिवला, अस्तर हिनं लावलं. पुढे तिथे विजेवर सरकणारा नवा पडदा आला तेव्हा व्यवस्थापक म्हणाले, "मास्तर, तुमचं लेकरू तुम्ही घेऊन जा." तेव्हापासून तो घडी घालून ठेवलाय. त्या पडद्यानं आतली खोली चारी बाजूंनी मढवायची. बाहेर जगबुडी होवो, आत टाचणी पडली तर ऐकू यावी.

कात्री लावताना हात थांबला. अस्तराच्या कडेला हिची टीप आहे, बारीक, एकसारखी, मुंग्यांची रांग चालल्यासारखी. पहिलवान येऊन मखमलीवर बसला आणि त्यानं मुंग्यांच्या रांगेला नाक लावलं. म्हटलं, बरं बाबा, तुझी परवानगी आहे तर.

गुरुवार

खोली तयार! काय दिसतेय म्हणून सांगू. पडदा ताणून लावला तर आवाज परत फेकतो. चुण्या पाडून लावला तर पोटात घालतो. मी दुप्पट चुण्या पाडल्या. खालच्या दुमडीत शिशाच्या गोळ्या तशाच ठेवल्यात, म्हणजे पडदा जमिनीला चिकटून उभा राहतो, फडफडत नाही. खाटेखाली जुनी चादर, पाण्याचं भांडं, लेकीचा वापरलेला स्वेटर. राजाला असा महाल मिळाला नसेल.

मग परीक्षा. कंडक्टरबाईंना म्हटलं, बाहेर जिन्यापाशी उभं राहून परात वाजवा, मी आत बसून ऐकतो.

"परातीला पोचा आला तर भरून द्याल का मास्तर?"

"अहो, सोन्याची घेऊन देईन!"

आत जाऊन दार लावलं, पडदा ओढला, बसलो. आणि शांतता! अशी शांतता की मला आमचा शाळेतला वर्ग आठवला, पण उलट्या बाजूनं. आमच्या शाळेला लागून पत्र्याचा कारखाना होता. दिवसभर ठाण-ठाण-ठाण. कवितेच्या तासाला बाई पट्टीनं टेबलावर ताल धरायच्या आणि म्हणायच्या, "त्या आवाजाशी भांडू नका रे, त्याच्यावर बसा!" मग सगळा वर्ग एका सुरात नदीची कविता म्हणायचा आणि कारखाना आमच्याखाली दडपून जायचा. बाईंनी माझी ही खोली पाहिली असती तर म्हणाल्या असत्या, बसायचीही गरज नाही रे बाळा, तू तर कारखानाच बंद पाडलास.

पुष्कळ वेळ वाट पाहून बाहेर आलो. "वाजवा की आता!"

कंडक्टरबाई कपाळाचा घाम पुसत होत्या. "मघापासून बडवतेय. हात भरून आला. वरच्या मजल्यावरचे दोघं खाली येऊन विचारून गेले, कुणाचं काय झालं म्हणून."

"मला काही म्हणता काही ऐकू आलं नाही!"

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. माणूस कौतुकानं असाच अवाक होतो.

पहिलवान तेवढा खाटेखाली भिंतीला चिकटून उभा होता, पडका कानसुद्धा ताठ. त्याचा स्वभावच संशयी. नव्या जागेची सवय व्हायला वेळ लागतो.

खुशीत दोन ओळी जुळल्या:

नाव मोठे पहिलवान, काळिज इवले इवले;
ये जवळी, या पडद्यामागे जग सारे हे निजले.

शुक्रवार

लेक पहिलवानाला आणि मला प्राण्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टर तरुण आहेत, पण समजूतदार. म्हणाले, त्या दिवशी ऊन असतानाच फिरवून आणा, जेवण लवकर द्या, गळ्यातल्या पट्ट्याला फोन नंबर हवाच. खोलीत दिवा चालू ठेवा, म्हणजे बाहेरचा लखलखाट कळत नाही. तो लपला तर ओढून काढू नका आणि घाबरला म्हणून रागावू नका. माणसांची झोपेची गोळी चुकूनही नको, आणि पाहुण्यांनी लाडानं चॉकलेट भरवायचं नाही, कुत्र्याला ते विष. मी म्हटलं, माझ्याकडे पाहुणे येत नाहीत, तो एक धोका टळला.

मग मी खोलीचं वर्णन केलं. चुण्या, शिसं, अस्तर, सगळं. डॉक्टर लक्ष देऊन ऐकत होते. त्यांनी विचारलं, "आत किती शांत आहे हे कुणी ठरवलं?"

"कुणी म्हणजे? मी! स्वतः बसून."

डॉक्टरांनी लेकीकडे पाहिलं, लेकीनं छताकडे. मग दोघं बाजूला जाऊन काहीतरी बोलत होते. औषधाचं असणार.  येताना रिक्षातून उतरताना म्हणाली, "बाबा, तुमच्यावर माझा विश्वास आहे. खोलीवर अजून नाही."

हे काय बोलणं झालं? खोली म्हणजे मीच की.

रविवार, दुपारी

सण दोन-तीन दिवसांवर आला आणि गल्ली कशी चिडीचूप! दरवर्षी पोरं आधीपासूनच सुरू होतात. यंदा लोक शहाणे झालेले दिसतात. इतकी खोली सजवली ती वाया जाते की काय असं वाटायला लागलंय. पहिलवान मात्र सकाळपासून खाटेखालून निघायला तयार नाही. अन्नाला शिवला नाही. गेल्या वर्षीची आठवण त्याच्या हाडात बसली असावी. आठवणींवर कुठला पडदा घालणार?

रविवार, जेवणानंतर

हे आजच लिहायला हवं.

संध्याकाळी मी खोलीत बसून टाके घालत होतो. पहिलवान एकाएकी खाटेखालून सुटला आणि पडद्यावर धडकला. मखमल नखांनी ओरबाडली, जमिनीवर लघवी केली, दाराला अंग घासत गोल गोल फिरायला लागला. मी म्हणतोय, "अरे बाळा, काही नाही, सगळं शांत आहे," आणि तो माझ्याकडे असा बघतोय की जणू मीच त्याला फसवतोय. शेवटी चिडलो. डॉक्टर नको म्हणाले होते तरी आवाज चढवला. "काहीही नसताना कशाला घाबरतोस?" म्हणून ओरडलो.

तेवढ्यात खोलीचं दार उघडलं. कंडक्टरबाई. त्यांच्याकडे माझी जादाची किल्ली असते.

"मास्तर! केव्हाची दार ठोठावतेय. म्हटलं पडलात की काय. आणि बाहेर हा कहर! पोरांनी लडीच्या लडी लावल्यात."

"कुठे? कसल्या लडी?"

 बाईंनी माझं मनगट धरलं, जसं बसमध्ये म्हाताऱ्याला धरून बसवतात तसं, मला खिडकीपाशी नेलं, पडदा बाजूला केला आणि माझा तळहात काचेवर टेकवला.

काच थरथरत होती. ताप चढलेल्या मुलाच्या अंगासारखी. मग एक मोठा धक्का, मग परत बारीक थरथर. आणि माझ्या कानात काही नाही.

माझे हात खोटं बोलत नाहीत. मखमल किती वर्षांची आहे ते मी अंधारात चाचपून सांगतो. हातानं सांगितलं म्हणजे विषय संपला.

 बाई म्हणाल्या, "बसा हो. चहा करते."

लाज कशाची वाटली सांगू? कानांची नाही. दुकानात हाताखाली शिकायला येणाऱ्यांना मी पहिल्याच दिवशी सांगायचो की गिऱ्हाईक तुझ्याएवढं दिसलं तरी स्वतःच्या अंगाला टेप लावू नकोस, त्याचं माप घे. आणि मी काय केलं? गिऱ्हाईक चार पायांचं, दोन कानांचं, समोर बसलेलं, आणि मी खोली बेतली ती माझ्या मापानं. बिचारा पहिल्या दिवसापासून कान उभारून सांगत होता, मास्तर, घट्ट होतंय, आणि मी म्हणत होतो, छान बसलंय.

सोमवार

बटणांचा डबा उघडला. यंत्र कानात घातलं.

देवा. केवढं जग आहे! माझ्या चपला फरशीवर अशा फरफटतात? भिंतीवरचं घड्याळ टिकटिकतं? मला वाटलं होतं ते बिनआवाजाचं आहे. कंडक्टरबाई समोरून "उठलात का?" म्हणाल्या आणि मी खुर्चीवरून उडालोच. बाईंचा आवाज काडीचा बसलेला नाही. पत्र्याचा कारखाना बरा.

आणि एक बारीक आवाज, सुईच्या टोकासारखा, थांबून थांबून येणारा. वाटलं, पंखा. पंखा बंद केला, तरी येतोच. वाकून बघितलं. खाटेखालून.

पहिलवान कण्हत होता. हा न कुरकुरणारा, हूं की चूं न करणारा गुणी कुत्रा. किती दिवस तो मला हाका मारत असेल?

मी जमिनीवर आडवा झालो आणि खाटेखाली हात घातला. ओढला नाही, नुसता ठेवला. बऱ्याच वेळानं त्यानं हनुवटी तळहातावर टेकवली.

मग उठलो आणि माप घ्यायला सुरुवात केली. बाई बाहेर परात घेऊन, मी आत, नजर पहिलवानाच्या कानांवर. पडका कान ताठ झाला की समजायचं, कुठेतरी उसवलंय. खिडकीवरच्या झरोक्यात उशी कोंबली. दाराखालच्या फटीला गुंडाळी करून शिवली. पडदा भिंतीला टेकत होता तिथे हातभर पुढे घेऊन मागे गोधडीचा दुसरा थर सोडला, मधे हवा राहील असा. दर वेळी बाई ओरडायच्या, "आता?" आणि मी ओरडायचो, "अजून जरा!" संध्याकाळी परात वाजली आणि पडका कान पडकाच राहिला. मी बाहेर येऊन बाईंना म्हटलं, पास! त्यांनी परात दाखवली. पोचा आला आहे.

"सोन्याची," त्या म्हणाल्या. "विसरू नका."

बुधवार

आज मोठी संध्याकाळ. ऊन असतानाच फिरून आलो. जेवण लवकर. पट्टा नीट, नंबर नीट, दाराला आतून कडी, दिवे चालू. बाईंना सांगितलं, आज तुमच्याकडे किल्ली असली तरी दार उघडायचं नाही.

अंधार पडला आणि सुरू झालं. खोलीनं पुष्कळ पोटात घातलं, पण सगळं नाही. मोठा बार फुटला की जमिनीतून धप्प असा आवाज वर येतो, त्याला मखमल काय करणार? कितीतरी वर्षांत मी तो आवाज असा ऐकला नव्हता. खोटं कशाला लिहू, मीच खाटेचा कठडा घट्ट धरला. पहिलवान खाटेखालून निघाला आणि माझ्या पायांच्या मधे येऊन उभा राहिला. दोघंही थरथरतोय.

मनात आलं, यंत्र काढून ठेवावं. डब्यात टाकलं की माझ्यापुरता सण संपला. हात कानापर्यंत गेलाही. पण त्याला त्याचे कान काढून ठेवता येत नाहीत. मग मी कसे काढू?

तेव्हा शाळेतल्या बाई आठवल्या. पट्टी, टेबल, पत्र्याचा कारखाना. मी खाटेच्या कठड्यावर बोटांनी ताल धरला आणि नदीची कविता सुरू केली. हळू नाही, घाईनंही नाही. वर्गात म्हणायचो तशी, एका चालीत, श्वास मोजून. नदी झाली, मग चिमण्यांची, मग नांगराची, मग ती लांबलचक, राजाच्या घोड्याची, जिच्यात मी नेहमी तिसऱ्या कडव्याला अडखळायचो. आज अडखळलो नाही. आपला आवाज आपल्यालाच ऐकू येण्यात काय सुख असतं ते मी विसरलो होतो. जरा घोगरा झालाय. पण सूर अजून जागेवर आहे.

राजाच्या घोड्यापर्यंत पहिलवान खाली बसला होता. पुढे कधीतरी त्यानं डोकं माझ्या पावलावर टाकलं. बाहेर एक प्रचंड बार झाला, मी दचकून ओळ चुकलो, आणि त्यानं फक्त एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं. जणू म्हणाला, मास्तर, पुढचं म्हणा. पुढचं म्हटलं.

सगळ्या कविता संपल्यावर माझीच म्हटली. दुसरी ओळ बदलावी लागली, कारण जग काही निजलेलं नाही:

नाव मोठे पहिलवान, काळिज इवले इवले;
ये जवळी, तुझियासंगे मीही कान हे दिधले.

तो घोरतोय. मी स्वतःच्या कानांनी ऐकतोय.

गुरुवार

सकाळी मी कपबशा विसळत होतो, दाराकडे पाठ. पहिलवान तिथेच फरशीवर चारी पाय पसरून उताणा पडला होता. मागून अगदी हळू हाक आली, "बाबा."

"आलीस? चप्पल काढ, फरशी ओली आहे. चहा ठेवू?"

 वळून बघितलं तर लेक दारातच, रात्रपाळीचे कपडे अंगावर, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. आता कुत्रा समोर सुखरूप लोळतोय म्हटल्यावर रडायचं काय? बायकांचं मला कधी कळलं नाही. तिची आई अशीच होती. मी तिला खोली दाखवली, झरोक्यातली उशी, दुसरा थर, सगळं. ती खोलीकडे कमी आणि माझ्या कानाकडेच जास्त बघत होती.

"शेताचं काय मग?" मी विचारलं.

"कसलं शेत?" ती नाक पुसत म्हणाली. "तो इथेच राहील. मी सुट्टीच्या दिवशी त्याला भेटायला येत जाईन. तुम्हा दोघांना."

तेवढ्यात कंडक्टरबाई आल्या आणि लेकीला आख्खी हकिकत अशा आवाजात सांगितली की वरच्या मजल्यावरचे परत खाली आले. त्यात पोच्याची परात दोनदा आली. शेवटी तिला म्हणाल्या, "ह्या म्हाताऱ्यानं काल काय कविता म्हटल्या गं! आम्ही जिन्यात बसून ऐकल्या सगळ्यांनी. बाहेरचे फटाके कुणाला ऐकूच आले नाहीत."

म्हणजे खोलीतून आवाज बाहेर जातो तर. तिथे अजून एक थर लागेल.

वरच्या शिकवणीवाल्या बाईंनी विचारलंय, वर्षअखेरच्या सुट्टीत त्यांचा कुत्रा ठेवाल का? ढोल वाजला की तो पडद्याआड जातो आणि पडदाच खातो, असं म्हणाल्या. मी हो म्हटलं. पण आधी त्याला चार दिवस नुसता चहाच्या वेळी घेऊन या म्हटलं. त्याचे कान कसे आहेत ते मला बघू दे.

माप आधी. कात्री मग.